डोक्यात रुई भरली तेव्हा

“ही कोणाची गं मुलगी? उन्हात का उभी केलीय हिला?”

खिडकीच्या गजांबाहेर सुशीलाबाईंची स्वतःची मुलगी उभी होती. दोन वेण्या, इस्त्रीचा फ्रॉक, हातात आईसाठी आणलेली पेरूंची पिशवी. बऱ्याच महिन्यांनी बाप तिला आई दाखवायला घेऊन आला होता. पोरगी आधी हसली. तिला वाटलं, आई गंमत करते. मग तिनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि पिशवी खाली टाकून रडायला लागली.

“अगं, बेबी आहे ती. आपली बेबी,” वामनराव म्हणाले.

“आपली म्हणजे कोणाची?” सुशीलाबाईंनी विचारलं.

वामनराव हे सुशीलाबाईंचे यजमान, कळंबला कचेरीत हेडक्लार्क. एरवी समोरच्याला घाम फोडणारा माणूस, त्या दिवशी स्वतःची मान रुमालानं पुसत होता. पुसून झाल्यावर त्यांनी रुमालाची नीट घडी केली आणि मला म्हणाले, “पुरे झालं हे औषध. फुप्फुस वाचवायला गेलो आणि माणूसच हातचं गेलं. मी टांगा आणतो. कौसा, हिचं सामान बांध.”

“डॉक्टरसाहेब आल्याबिगर मी नाई बांधत,” मी म्हटलं.

“तुला विचारलं नाही मी. सांगितलं.”

पोरीला व्हरांड्याच्या पायरीवर सिस्टरजवळ बसवून ते टांगा आणायला गेले.

टांग्याचा अड्डा लांब होता. तो येईपर्यंत मागचं सांगून घेते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला क्षयाचा वॉर्ड होता. टिनाचं छप्पर, मोठ्या खिडक्या, चारी बाजूंनी व्हरांडा. त्यातल्या बायकांच्या बाजूला मी आया होते. माझं शिक्षण चौथी. छप्पन साली आमच्या वस्तीनं दीक्षा घेतली आणि देव्हारे रिकामे केले, त्यानंतर थोड्याच दिवसांत मला ही नोकरी लागली. लागली म्हणजे काय, दुसरं कोणी करायला तयार नव्हतं. क्षयाच्या वॉर्डाजवळून जाताना लोक नाकाला धोतराचा सोगा लावत. आतमध्ये पगारावर उभं राहायला कोण येणार?

आयाचं काम म्हणजे झाडणं-पुसणं असं लोकांना वाटतं. तेही होतंच. थुंकीची झाकणाची भांडी गोळा करायची, त्यात फिनाइल ओतायचं, थुंकी भुशात मिसळून जाळायची, भांडी उकळायची. पण खरं काम गोळ्या गिळवण्याचं. तेव्हा क्षयाला रोज सुई असे, आणि गोळ्या म्हणजे मूठभर. मोठ्या गोळ्या आंबट-कडू, पोट ढवळून काढणाऱ्या. बारकी गोळी दिसायला गरीब. हे सगळं दीड-दोन वर्षं. पेशंटला पहिले काही महिने रोगानं मरायची भीती असते, म्हणून तो गिळतो. पुढे ताप उतरतो, वजन वाढतं, मग तो गोळ्या चोरायला लागतो. बायका गोळी गालात धरत, अंबाड्यात खोचत, उशीत शिवत. एकीनं तर कावळ्यांना घातल्या. ते कावळेही शहाणे, त्यांनी चोच लावून सोडून दिल्या. म्हणून गोळी दिली की मी समोर उभी राहायची. गिळ. तोंड उघड. जीभ वर कर. आता दुसरा गाल.

सुशीलाबाई आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर वामनरावांची विधवा आत्या आली, काशीआत्या. दवाखान्याजवळ खोली घेऊन त्या राहिल्या. सोवळ्यानं स्वयंपाक करून डबा आणायच्या, आणि पाण्याचा तांब्याही स्वतःच भरून आणायच्या. सुशीलाबाईंना माझ्या हातचं पाणी चालत नव्हतं. शिवाशिव कायद्यानं बंद झाली होती, पण कायदा वॉर्डाच्या पायरीपर्यंत आला होता, तांब्यापर्यंत यायचा होता. माझ्या हातची गोळी चाले, कारण ती सरकारी. माझ्या हातानं थुंकीचं भांडं उचललेलं तर फारच चाले.

मी काही बोलले नाही. बोलून पाणी गोड होत नाही.

शेजारच्या खाटेवर सोनकी होती, महागावकडच्या तांड्यावरची बंजारीण. ती मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. काशीआत्या तांब्या घेऊन आल्या की म्हणे, “आत्याबाई, जरा दुरून. माहा खोकला तुमच्या तांब्यात बसंन.” आत्याबाई खरंच दुरून जात.

पंधरवड्यात काशीआत्यांना स्वतःला ठसका लागला. भाजणीचा होता की कसला, देव जाणे. त्यांनी त्याच दिवशी ट्रंक भरली. जाताना सुशीलाबाईंना म्हणाल्या, “मन खंबीर ठेव गं. चिंतामणीला नवस बोललेय मी.” एवढं बोलून बाई टांग्यात बसल्यासुद्धा.

मन खंबीर ठेव! हे वाक्य मी त्या वॉर्डात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की त्याचा मला राग येतो. जो उठून घरी जाणार असतो, तोच हे म्हणतो. ज्याला खाटेवर राहायचंय त्याला मन कुठे ठेवू, हेच कळत नसतं.

आत्याबाई गेल्यावर सुशीलाबाई स्वतः उठून नळावरून पाणी आणू लागल्या. आणि त्यांना भीतीचे झटके येऊ लागले. दुपारच्या गोळ्या झाल्या की छातीवर हात ठेवून एकदम उभ्या राहायच्या. घाम. ओठ पांढरे. “कौसा, माझं हृदय बंद पडतंय. बघ गं. मी आता जाते.” सिस्टर नाडी पाही, ठीक असे. डॉक्टर छाती तपासत, जेवढी बिघडलेली तेवढीच बिघडलेली. भेटायला येणारे म्हणत घाबरू नका, देवाचं नाव घ्या, चांगले विचार करा. सुशीलाबाई सगळ्यांना हो म्हणत आणि जास्तच घाबरत. कारण घाबरायचं नाही असं ठरवूनही घाबरलो, हा आणखी एक गुन्हा त्यांच्या डोक्यावर.

सुईनं कान वाजायचे आणि तोल जायचा. अशातच त्या एकदा उभ्या राहिल्या आणि खाटेच्या लोखंडी दांड्यावर कपाळ आपटलं. तेव्हा मी म्हटलं, “बाई, भ्यायचं असंल तं भ्या. पन बसून भ्या. उभं राहून भ्याल तं पडाल.”

त्या कपाळ दाबत खाली बसल्या.

“असं बोलतात का गं आजारी माणसाशी?”

“मंग कसं बोलतात? भेव कोनाले सांगून येते? गोळीले कुठी माहीत हाय तुमी भ्यालेल्या हा का नाई. ते आपली खाली उतरते.”

सोनकी तिकडून म्हणाली, “खरं हाय वो बाई. मी तं शिव्या देत गिळतो. तरीबी उतरते.”

त्यानंतर झटका आला की सुशीलाबाई दोन्ही हातांनी खाटेची कड धरून खाली बसायच्या आणि म्हणायच्या, “कौसा, मी बसून घाबरतेय हं.” भीती गेली नव्हती. कपाळ मात्र फुटायचं थांबलं. मला तेवढं पुरे होतं.

मग दुसरंच सुरू झालं. वॉर्डातल्या बायका त्याला ‘डोक्यात रुई भरली’ म्हणत. आमचा मुलूख कापसाचा. सरकी काढायच्या जिनातून निघालेली रुई पोत्यात दाबून भरतात, तसं बोलताना आतून काही हलत नाही, आवाज लांबून येतो, शब्द सापडत नाही. थोडी रुई बऱ्याच जणींना भरायची. सुशीलाबाईंची गच्च भरली. जेवण झालं की नाही हे चार वेळा विचारत. कंगवा हातात घेऊन तो कशाचा, म्हणून बघत राहत. लहानपणापासून रोज म्हटलेलं स्तोत्र दुसऱ्या ओळीवर अडलं, तेव्हा मात्र धाय मोकलून रडल्या. क्षय झाल्याचं कळलं त्या दिवशी एवढ्या रडल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी मला आणि सिस्टरला बाजूला घेऊन साध्या भाषेत सांगितलं. बारक्या गोळीनं काहींच्या डोक्यावर परिणाम होतो. ती गोळी मी कमी करतो, जोडीला ताकदीची एक देतो. उतरेल, पण वेळ लागेल. सगळं औषध बंद केलं तर रोग पुन्हा उठेल, आणि मग हेच औषध त्याला पुरं पडणार नाही. तोवर त्यांना रोज सांगत जा, कोण आहात, कुठे आहात, आणि वेड लागलेलं नाही.

मी रोज सकाळी खाटेशी उभी राहून सांगायची, “आज बुधवार. हा दवाखाना. तुमचं नाव सुशीला. गोळ्यानं डोकं भरलं हाय, तुमी येड्या नाई. मी कौसा.”

“बरं, वन्सं,” त्या म्हणायच्या.

त्यांनी मला आपली नणंद करून टाकलं होतं. ती नणंद कुठली, जिवंत की मेलेली, मला आजवर माहीत नाही. पण चांगली असावी, कारण तिच्याजवळ त्या काशीआत्यांच्या चहाड्या सांगत. “वन्सं, आत्याबाई तुपाचा डबा कुलपात ठेवतात हो. तुम्ही मात्र सांगू नका.”

“नाई सांगत, वयनी.”

सोनकी पदर तोंडात कोंबून हसायची.

आणि पाणी? गोळ्यांबरोबर मी ग्लास पुढे केला, त्यांनी घेतला आणि प्यायल्या. पहिल्यांदा माझाच हात जरा मागे आला. नंतर सवय झाली. डोकं ठिकाणावर होतं तेव्हा त्यांच्या सगळं लक्षात होतं, कोणाच्या हातचं चालतं, कोणाच्या सावलीत बसायचं नाही. रुई भरल्यावर नवऱ्याचं नाव विसरल्या तशी माझी जातही विसरल्या. माझ्या हातचं दूध, माझ्या हातची पेज. गोळ्या त्या दिवसांत जितक्या सरळ गिळल्या तितक्या आधी कधीच नाहीत.

रिकाम्या हातांना काही हवं म्हणून मी त्यांना दवाखान्याचा थोडा कापूस आणून दिला. त्या वाती वळत बसायच्या. डोकं चालत नव्हतं, पण बोटं चालायची. सिस्टर केरळकडची, ती म्हणाली, “कौसा, ये सरकारी कॉटन है, पूजा के वास्ते नहीं.” मी म्हटलं, “सिस्टर, ये पूजा नहीं, दवा है.” सोनकी म्हणाली, “एवढ्या वाती जाळायच्या म्हन्ल्यावर बाईच्या देव्हाऱ्यात तेलाची घानी बसवा लागते.”

असे आठवडे चालले होते. आणि मग वामनराव पोरीला घेऊन आले, आणि ती कोणाची असं आईनं विचारलं.

टांगा आला. वामनराव आत आले. मी सामान बांधलं नव्हतं. ते माझ्याकडे न बघता सिस्टरला म्हणाले, “मी लिहून देतो, माझ्या जबाबदारीवर नेतो आहे. वेडी होऊन जगण्यापेक्षा घरात शुद्धीवर... उद्या मुलीचं लग्न करायचं आहे मला. आई वेड्यांच्या इस्पितळात, हे कोण ऐकून घेईल?”

म्हणजे क्षयानं मेलेली आई चालली असती. लोकांच्या हिशेबात मरण बसतं, वेड बसत नाही. सिस्टरनं डॉक्टरांना बोलवायला वॉर्डबॉय पाठवला, पण ते मोठ्या इमारतीत ऑपरेशनला उभे होते. कागदावर नवऱ्याची सही झाली की बाई गेली, हे मला माहीत होतं. औषध तुटलं की पुढे काय, तेही माहीत होतं. मी बरीच मयतं धुतली होती.

“वामनरावजी,” मी म्हटलं, “डॉक्टर येईलोक तं थांबा. घरी नेऊन तुमी काय काढा देनार हा?”

“तू मधे पडू नकोस.” आणि सुशीलाबाईंकडे वळून, “ऊठ. घरी जायचं आहे.”

सुशीलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर डोक्यावरून घेतला, अंग चोरलं, आणि माझ्या मागे सरकल्या.

“वन्सं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, पण सबंध वॉर्डाला ऐकू आलं, “हे गृहस्थ कोण? बायकांच्यात कसे शिरले?”

“अगं मी! मी आहे!” वामनराव ओरडले.

“ओरडतायत बघा. आपल्या घरचं कोणी नाही का बरोबर?”

“सुशीला, चल. टांगा उभा आहे.”

“टांगा?” त्यांचा आवाज चढला. “परक्या पुरुषाबरोबर मी टांग्यात बसू? काय समजलात तुम्ही मला? माझ्या घरच्यांना बोलवा. त्यांच्याशिवाय मी पायरी उतरणार नाही.”

वामनरावांनी हात धरला. सुशीलाबाईंनी अशी किंकाळी मारली की पुरुषांच्या बाजूचे पेशंट व्हरांड्यात आले. टांगेवाला घोडा सोडून पायरीवर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “साहब, बाई नको म्हणून राह्यली ना? हमको पुलिस का लफडा नहीं चाहिए.”

सोनकीनं खाटेवरूनच सुनावलं, “दादाजी, सोडा हात. पराया बाईचा हात धरून राह्यले तुमी.”

“ती माझी बायको आहे!”

“तिले तं नाई ना माहीत.”

त्या माणसाची मला थोडी कीव आली. थोडीच. आयुष्यभर बायकोला शिकवलं, परपुरुषासमोर उभं राहायचं नाही, आणि तिनं बाकी सगळं विसरून एवढंच लक्षात ठेवलं. हात सुटला. ते खुर्चीवर बसले. रुमाल काढला, पण घाम पुसायचा राहिला, तसाच मांडीवर पडून होता. डॉक्टर आले तेव्हाही ते तिथंच बसलेले. डॉक्टरांनी जे आम्हाला सांगितलं होतं तेच त्यांनाही सांगितलं. पूर्वीही सांगितलं होतं म्हणे. या खेपेला त्यांनी ऐकलं, कारण दुसरा इलाज नव्हता. बाई टांग्यात बसत नव्हती.

जाताना डॉक्टरांनी पोरीला व्हरांड्यात समजावलं, आई आजारी आहे म्हणून ओळखत नाही, बरी झाली की ओळखेल. लेकरानं बापापेक्षा लवकर समजून घेतलं. पेरू मात्र परत नेले.

पुढे रुई हळूहळू उतरली. एके दिवशी वार बरोबर सांगितला. एके दिवशी म्हणाल्या, बेबीचं नाव शाळेत शैलजा आहे. स्तोत्र चौथ्या ओळीपर्यंत गेलं. भीतीचे झटके परत आले, म्हणजे डोकं परत येत होतं. भ्यायलाही डोकं लागतंच. त्या खाटेची कड धरून बसायच्या आणि घाम गाळायच्या, मी बाजूला भांडी पुसत असायची. मी हात-बित धरला नाही. मला तेवढा वेळ नव्हता.

आणि एका सकाळी मी गोळ्या दिल्या, ग्लास पुढे केला. सुशीलाबाईंनी ग्लास पाहिला. माझा हात पाहिला. माझं तोंड पाहिलं. ग्लास घेतला नाही.

“कौसा,” त्या म्हणाल्या, “तो तिकडे ठेव. मी नळावरून आणते.”

सोनकी टाळ्या पिटत उठून बसली. “याडी! माय वो! बाईचं डोस्कं ठिकान्यावर आलं! सिस्टर, या, पाहा!”

सिस्टर आली, डॉक्टर आले. नाव, गाव, वार, नवऱ्याचं नाव विचारलं. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजल्या, म्हणजे तेही आठवत होतं. डॉक्टर खूश. सगळे खूश. मीही खूश व्हायला हवं होतं. काम माझं होतं ते, आणि ते झालं होतं. मी ग्लास उचलून मोरीत ओतला.

दुपारी त्यांनी मला हाक मारली. सोनकीनं त्यांना सगळं मीठ-मसाला लावून सांगितलं होतं.

“कौसा, मी तुझ्या हातचं किती दिवस प्यायले गं?”

“जेवडे दिवस जगल्या तेवडे.”

त्यांनी पदरानं ओठ पुसले. काय वाटलं त्यांचं त्यांना ठाऊक. पुढच्या खेपेला वामनराव गंगाजलाची बाटली घेऊन आले. ती मीच त्यांच्या खाटेशेजारच्या कपाटात ठेवली, बाटलीवरची धूळ पुसून. गोळ्यांच्या वेळी एवढंच म्हणायची, “पानी कोनाचंबी प्या. गोळी माह्यासमोर गिळा. तोंड उघडा.” आणि त्या उघडायच्या. जीभ वर. दुसरा गाल. एकही गोळी चुकवली नाही त्यांनी, हे सांगितलंच पाहिजे. भ्यायच्या आणि गिळायच्या. वॉर्डातल्या कितीतरी धीट बायकांना ते जमलं नाही.

सोनकीला नाही जमलं. तिला ना भीती, ना रुई. ताप उतरला, अंग भरलं, दिवसभर गात असायची. माघात तिचा नवरा बैलगाडी घेऊन आला. तिच्या भावाचं लग्न निघालं होतं. नवऱ्याला पाहिलं तशी ती गठुडं बांधायला लागली.

मी फाटकात आडवी उभी राहिले. “औषध अर्धं झालं तुहं. कायले जाऊन राह्यली?”

“लगन झालं का येतो ना वो.”

“तुह्याबिगर लगन लागत नाई का?”

“लागते. पन मी नाई नाचली तं ते लगन कायचं? सोड आता. मले बरं वाटून राह्यलं, कौसाबाई. पाहा, खोकला हाय का?”

बरं वाटणं. या वॉर्डात मी रोगापेक्षा त्याला जास्त भ्यायची. डॉक्टर बोलले, सिस्टर बोलली. सोनकी सगळ्यांना ओळखत होती, सगळं समजत होती, आणि नवऱ्यामागं जाऊन गाडीत बसली. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं तिच्यासाठी गाडीत कडबा अंथरून वर गोधडी घातली होती.

सुशीलाबाई पूर्ण औषध करून, चालत, वामनरावांबरोबर टांग्यानं घरी गेल्या. सोनकी त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याच गाडीतून परत आली. त्याच सुया, त्याच गोळ्या दिल्या, या वेळी समोर उभं राहावं लागलं नाही, ती आपणहून तोंड उघडून दाखवायची. औषध लागू पडलं नाही.

सोनकी दिवाळीच्या आधी वारली. सुशीलाबाई जगल्या. शैलजाच्या लग्नात त्या हिंडत-फिरत होत्या, असं मला सिस्टरनं सांगितलं.